सहा फुटांचा संसार

म्हैसूर स्टेशनजवळच्या कृष्णराजसागर रस्त्यावर रेल्वेचे संग्रहालय आहे. १९७९ मध्ये ते सुरू झाले. तिथे गेलेला माणूस सगळ्यात जास्त रेंगाळतो तो महाराणींच्या सलून डब्यापाशी. १८९९ च्या या सलूनला स्वतःचे स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि शाही स्वच्छतागृह आहे. घर सोबत घेऊन फिरायचे तर घरातले काहीच मागे ठेवायचे नाही, असा त्या काळच्या राजेशाहीचा खाक्या. त्याच आवारात १९२५ ची एक ऑस्टिन मोटारही उभी आहे. रस्त्यासाठी बनवलेली ही गाडी नंतर रुळांवर चालेल अशी बदलून घेतली गेली. म्हैसूरकर सलूनसमोर फोटो काढतात, पण ज्याला जुन्या व्हॅनमध्ये दोन माणसांच्या झोपण्याची सोय करायची आहे, त्याने ऑस्टिनच्या चाकांकडे जरा वेळ बघावे. आहे त्या गाडीतून हवे ते काम काढून घेण्याची रीत तिथे दिसते.

म्हैसूर हे अशा भटकंतीसाठी सोयीचे गाव आहे. बंडीपूर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, मडिकेरी आणि उटी सव्वाशेच्या आत-बाहेर, वायनाडही त्याच टप्प्यात. शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री परत येता येईल इतके हे सगळे जवळ. तयार कॅरॅव्हॅन विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते. मग नजर जाते ती दारात उभ्या असलेल्या मारुती ओम्नीवर किंवा ईकोवर. ओम्नी १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. २०१० मध्ये आलेली ईको अजून मिळते. सरकती दारे, वर उघडणारी डिकी आणि जवळपास चौकोनी मागचा भाग, एवढ्या भांडवलावर या दोन गाड्यांनी शाळेची मुले, दुधाचे कॅन, रुग्ण आणि लग्नाचे सामान सगळे वाहिले. त्यात एक गादी बसायला हरकत नसावी.

हरकत असते ती वजनाची.

हौशी लोक जागा मोजतात, वजन मोजत नाहीत. १८८५ मध्ये ब्रिटनमध्ये गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरने केवळ हौसेखातर राहायची गाडी बांधून घेतली. तिचे नाव 'वाँडरर'. ब्रिस्टलच्या कारखान्यात महोगनी लाकडात घडवलेली ही गाडी अठरा फूट लांब होती आणि तिचे वजन दोन टनांच्या घरात गेले. ओढायला दोन घोडे, आणि पुढचा रस्ता पाहून यायला तीनचाकी सायकलवर पुढे जाणारा नोकर. इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत डॉक्टर पोहोचले खरे, पण चढ आला की घोड्यांची परीक्षा आणि उतार आला की मालकाची. आज घोड्यांच्या जागी क्लच आणि ब्रेक आले आहेत, तक्रार तीच राहते. १८ मि.मी. जाडीच्या आठ बाय चार फुटांच्या एका प्लायवूडचे वजन पस्तीस किलोच्या आसपास भरते. पलंग, खालचे खण आणि बाजूचे कपाट अशा तीन शीट लावल्या की शंभर किलो झाले. म्हणजे कोणी गाडीत बसायच्या आधीच दीड माणूस कायमचा बसवला. ईकोच्या इंजिनाला तो माणूस प्रत्येक घाटात जाणवतो. १२ मि.मी.चे प्लाय वापरले आणि खाली ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीची चौकट दिली, तर तेच काम बऱ्याच कमी वजनात होते. सुताराला हे पटायला वेळ लागतो. घरातल्या पलंगाचा हिशेब त्याच्या हाताला बसलेला असतो, आणि 'मजबूत पाहिजे' हे वाक्य त्याच्या तोंडी तयार असते.

काटकसरीच्या बाबतीत खरा धडा जर्मनीतल्या वेस्टफालिया या कंपनीचा. १९५१ च्या सुमारास तिने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी एक 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. बाक, टेबल, कप्पे, सगळे सुटे. शनिवारी व्हॅनमध्ये ठेवायचे आणि सोमवारी बाहेर काढून गाडी धंद्याला लावायची. युद्धानंतरच्या जर्मनीत दोन गाड्या परवडणारे थोडेच होते. आपल्याकडेही ईको बाळगणाऱ्याची आठवड्याची गरज साधारण अशीच असते. अमेरिकेत त्याच काळात लोकप्रिय झालेल्या थेंबाच्या आकाराच्या छोट्या ट्रेलरचे माप पाहिले तर तेही बोलके आहे: बहुधा आठ फूट लांब, चार फूट उंच. प्लायवूडची शीट जेवढी येते तेवढाच ट्रेलर, म्हणजे कापाकापीत वाया काही जात नाही. संतेपेटेत किंवा बांबू बाजारात प्लाय घ्यायला जाताना हा हिशेब कागदावर मांडून गेले तर एका शीटमध्ये भागते. न मांडता गेले तर दोन घ्याव्या लागतात आणि उरलेल्या पट्ट्या माळ्यावर पडून राहतात.

सुटे सामान ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते आरटीओच्या दारात उभे असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या पुस्तकात जे लिहिले आहे त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने परस्पर करायचा नाही. सीटची संख्या कमी करणे, छत कापून वर करणे, कायमचा गॅस बसवणे, हे सगळे त्यात येते. पूर्ण कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचे वेगळे मानक आहे आणि त्याची मान्यता घेऊन गाड्या बांधणारे व्यावसायिकही आहेत. ती वाट खर्चाची. घरगुती प्रयोगासाठी सोपा नियम असा की गाडीच्या पत्र्याला भोक पाडायचे नाही. जे ठेवायचे ते पट्ट्याने, हुकाने, फुलपाखरी नटाने मूळच्या बोल्टांना आणि कड्यांना बांधायचे आणि उतरवल्यावर गाडी शोरूममधून आली तशी दिसली पाहिजे. भोक न पाडण्याचा एक साधा फायदाही आहे. म्हैसूर भागातला जून ते ऑक्टोबरचा पाऊस त्या भोकाची वाट पाहत असतो, आणि पत्र्याला गंज तिथूनच धरतो.

आता प्रत्यक्ष गाडीत शिरायला हरकत नाही. ईको बाहेरून ३,६७५ मि.मी. लांब आणि १,४७५ मि.मी. रुंद. आतली जागा त्याहून बरीच कमी, कारण चाकांवरचे उंचवटे दोन्हीकडून आत येतात. पुढच्या सीट पुढे सरकवून मागे झोपायला सहा फुटांच्या आसपास लांबी काढायची असते. मागचे बाक कसे दुमडते हे मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचे माप घेऊन लाकूड कापू नये. जुन्या पुठ्ठ्याचे खोके उघडून आधी पुठ्ठ्याचा पलंग करावा, त्यावर आडवे व्हावे, कूस बदलून बघावी. डोके कुठे आपटते, गुडघा कुठे अडतो, हे पुठ्ठा फुकटात सांगतो. बसल्यावर डोके छताला लागू नये म्हणून पलंग फार उंच करायचा नाही आणि खाली क्रेट बसावा म्हणून फार बुटकाही करायचा नाही. भाजीच्या प्लास्टिक क्रेटची उंची मोजून त्यावर दोन बोटे सोडली की पलंगाची उंची ठरते. आधी क्रेट घ्यायचा आणि मग पलंग करायचा, हा क्रम उलटा झाला की पुढे सगळीच फरफट.

पलंगाचा वरचा भाग तीन फळ्यांचा. दिवसा एक फळी काढून दारापाशी पाय सोडून बसायची जागा होते, दुसरी दोन क्रेटवर आडवी टाकली की टेबल होते. गादीही तीन घड्यांची, आणि ती रबराइज्ड काथ्याची असली तर खालून हवा खेळते. फोमची गादी प्लायवर रात्रभर पडली की सकाळी तिची खालची बाजू दमट लागते. याला कारण गळके छत नव्हे, माणूस. श्वासातून आणि त्वचेतून दिवसाकाठी पाऊण ते एक लिटर पाणी नकळत बाहेर पडते. दोन माणसे आठ तास बंद गाडीत झोपली तर अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ काचांवर आणि गादीखाली जमते. त्यामुळे प्लायला थोड्या थोड्या अंतरावर रुपयाच्या नाण्याएवढी भोके पाडणे आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवणे या दोन गोष्टी महागड्या इन्सुलेशनपेक्षा जास्त उपयोगी पडतात. उघड्या खिडकीला डासांची जाळी हवी. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, कडेला शिवलेले छोटे लोहचुंबक, आणि दाराच्या पत्र्यावर चिकटवून टाकले की झाले. जाळी खिडकीच्या चौकटीपेक्षा चार बोटे मोठी कापावी, नाहीतर डास कोपरा शोधतातच.

उन्हाचे मात्र वेगळे आहे. म्हैसूरची उंची समुद्रसपाटीपासून पावणेआठशे मीटरच्या आसपास, त्यामुळे रात्री बऱ्या जातात. पण एप्रिलमध्ये पारा पस्तिशीला टेकतो आणि उन्हात उभी गाडी आतून भाजते. चकचकीत बबल फॉइल काचेच्या मापाने कापून बाहेरून बसवले तर ऊन आत येण्याआधीच परत फिरते. काचेच्या आत पडदा लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेले असते, मग पडदा तापतो आणि गाडीही. फॉइलचे तुकडे मागून गादीखाली सपाट ठेवता येतात, त्यांना वेगळी जागा लागत नाही.

सामान ठेवण्याचे शास्त्र मराठी घरांना नव्याने शिकवायची गरज नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसे राहिली, लग्ने झाली, बाळंतपणे झाली. डोक्यावरून भिंतीभर फिरणारी फळी, खाटेखालच्या ट्रंका, खुंटीला पिशवी, वळकटी करून कोपऱ्यात गेलेले अंथरूण. ईकोच्या मागच्या भागात त्या खोलीचा पाचवा हिस्साही येत नाही, पण युक्त्या त्याच लागू पडतात. छताखाली जाळी ताणून त्यात पांघरुणे, स्वेटर, टॉवेल असे हलके आणि मऊ सामान ठेवायचे. पुढच्या सीटच्या पाठीला चपला ठेवण्याचा कापडी टांगता कप्पा अडकवला तर त्यात टॉर्च, औषधे, साबण, चार्जर, चमचे असे सगळे बारीकसारीक दिसेल असे राहते. अंथरुणे दिवसा खोळीत भरली की तक्के होतात. प्रवासाला होल्डॉल बांधून निघणाऱ्या पिढीला हे सांगावे लागत नसे.

फळी मात्र गाडीत नको. चाळीची भिंत वळण घेत नाही. मसिनगुडीहून कल्हट्टी घाटाने उटीकडे जाताना केसपिनेसारखी ३६ वळणे लागतात, आणि पहिल्या चार-पाच वळणांतच गाडीतली प्रत्येक सैल वस्तू आपली जागा सांगते. ड्रॉवर असेल तर त्याला दाबून उघडणारी कडी हवी. नुसते लोहचुंबकाचे कुलूप भरलेल्या ड्रॉवरचा झोका पेलत नाही. पण ड्रॉवर करावाच कशाला? त्याच्या सरकत्या पट्ट्यांचे पैसे, पट्ट्यांचे वजन आणि त्याच्याभोवती खोका, एवढे सगळे एका क्रेटने वाचते. क्रेटच्या तळाला जुन्या योगा मॅटचा तुकडा घातला की भांडी वाजत नाहीत. स्टीलच्या डब्यांमध्ये रुमाल कोंबावेत. डब्यावर डबा आपटण्याचा तो आवाज पन्नास किलोमीटर ऐकला की माणूस महागडी भांडी विकत घ्यायला निघतो.

जड वस्तू खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, एवढे एक पथ्य. वीस लिटरचा पाण्याचा जार म्हणजे वीस किलो. तो डिकीच्या टोकाला ठेवला की पुढचे चाक हलके होते आणि घाटात स्टिअरिंग नीट बोलत नाही. दहा-दहा लिटरचे दोन कॅन दोन बाजूंना ठेवणे जास्त शहाणपणाचे, शिवाय भरलेला जार उचलताना कंबर धरत नाही. पाणी कुठेही मिळते, म्हणून म्हैसूरहून निघताना कॅन काठोकाठ भरून नेण्यात अर्थ नाही. आणखी एक बारकावा: ओम्नी आणि ईको या दोन्हींचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीटच्या मागची जमीन लांबच्या प्रवासात गरम होते. तूप, मेणबत्त्या, औषधे, चॉकलेट तिथे ठेवू नये.

रोजच्या रोज सगळे उतरवून परत चढवण्याचा सराव बघायचा असेल तर आषाढीच्या वारीत दिंडीच्या ट्रकांकडे बघावे. तंबू, भांडी, धान्य, पाणी सकाळी भरायचे, वारकरी चालत असताना ट्रक पुढच्या मुक्कामी पोहोचायचा आणि संध्याकाळी पुन्हा सगळे मांडायचे. तिथे एक क्रम पाळला जातो: आधी लागते ते शेवटी चढते. छोट्या गाडीत हेच करायचे म्हणजे चहाचे सामान, पाणी आणि टॉर्च डिकीच्या तोंडाशी. मुक्कामी पोहोचल्यावर अंधार असतो, पाऊस असतो, आणि सगळ्यांना चहा हवा असतो.

स्वयंपाक गाडीच्या बाहेर. डिकीचे दार वर उघडले की डोक्यावर आयते छप्पर मिळते. त्याच्या दोन कडांना ताडपत्री बांधली तर पावसातही उभे राहता येते. बंद गाडीत शेगडी पेटवू नये, थंडीसाठी तर मुळीच नाही. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना वास ना रंग. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साठतो, म्हणजे नेमका झोपलेल्या माणसाच्या उंचीवर. पाच किलोचा छोटा सिलिंडर आता सहज मिळतो. तो उभाच ठेवावा, पट्ट्याने बांधावा आणि रेग्युलेटर काढून ठेवावा. भांड्यांत एक तीन लिटरचा कुकर, त्याचे आत बसणारे डबे, एक तवा आणि मिसळणाचा डबा एवढे पुरते. कुकरमध्ये खाली वरण, वर भात, त्यावर बटाटे. एकाच आचेवर तिन्ही, आणि धुवायला कमी. गोल मिसळणाच्या डब्यात सात वाट्या, एक झाकण. कॅम्पिंगच्या दुकानांतले मसाल्याचे महागडे संच यापुढे फिके पडतात.

फ्रीज हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात खर्चिक मोह. तो घेतला की मोठी बॅटरी आली, बॅटरी आली की सोलर पॅनेल आले, पॅनेल आले की छतावर चौकट आली. म्हैसूरकरांना हा मोह टाळायला दोन संस्थांनी गावातच मदत करून ठेवली आहे. रेल्वे संग्रहालयाच्या समोरच केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, चेलुवांबा महालात १९५० पासून. आणि सैन्याच्या जेवणाचा विचार करणारी डीएफआरएल ही संरक्षण प्रयोगशाळाही १९६१ मध्ये याच शहरात सुरू झाली. पुलाव, उपमा, भाज्या थर असलेल्या लवचीक पाकिटात भरून बंद करायच्या आणि दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवायच्या, या रिटॉर्ट पद्धतीवर तिथे भरपूर काम झाले. अशी पाकिटे फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकतात. सियाचीनच्या जवानासाठी विचार केलेले पाकीट मडिकेरीच्या वाटेवर उकळत्या पाण्यात टाकून खाता येते. रोज मात्र तेच खाववणार नाही. पोहे, म्हणजे इथली अवलक्की, चटणीपुडी, मेतकूट, भाजणी, भडंग, गूळ आणि शेंगदाणे, या सगळ्यांना ना फ्रीज लागतो ना फार गॅस. दूध सकाळी पुढच्या गावात घ्यावे.

थंड पाण्यासाठी जुनी छागल अजून उपयोगी. कॅनव्हासची ती पिशवी जीपच्या पुढे लटकलेली असे. कापडातून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढीत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी एका अंशाने गार होते. फेब्रुवारी ते एप्रिल हवा कोरडी असते तोवर हे झकास चालते. जुलैत हवेतच एवढे पाणी असते की छागल नुसती ओली राहते.

फ्रीज नसला की विजेचा हिशेब वहीच्या अर्ध्या पानात मावतो. ट्रकवाल्यांकडे मिळणारा बारा व्होल्टचा छोटा पंखा पंधरा वॅटचा धरला तर आठ तासांना १२० वॅट-तास. पाच वॅटची एलईडी पट्टी चार तास म्हणजे २०. दोन मोबाइलचे ३०. एकूण १७०. बारा व्होल्ट, वीस अँपिअर-तासांच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत २४० वॅट-तास असतात, एक रात्र आरामात निघते. तीच बॅटरी साधी लेड-ॲसिड घेतली तर निम्मीच वापरावी लागते, नाहीतर ती लवकर मरते, म्हणजे हेच १७० भागवायला दीडपट मोठी घ्यावी लागणार. गाडीच्या मूळ बॅटरीवर पंखा लावू नये, सकाळी स्टार्टर फिरणार नाही. शनिवारी घरी चार्ज करून न्यायची, रविवारी परत आणायची, एवढ्यासाठी सोलरचा खर्च निघत नाही. फ्यूज मात्र बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. तो पंख्याजवळ बसवला तर मधली वायर कुठे घासली आणि पत्र्याला टेकली तरी फ्यूजला कळत नाही.

या भागातल्या प्रवासाला एक वेळापत्रकही पाळावे लागते. बंडीपूरच्या जंगलातून वायनाड आणि उटीकडे जाणारे रस्ते २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतात, मोजक्या बस आणि रुग्णवाहिका सोडून. जंगलाच्या आत दिवसाही थांबायला, उतरायला, स्वयंपाकाला परवानगी नाही. त्यामुळे उशीर झालेल्यांचा मुक्काम गुंडलुपेटला पडतो, पेट्रोल पंपाच्या किंवा हॉटेलच्या आवारात, मालकाला विचारून. तिथे बाहेर उतरून बिछाना मांडण्याची सोय असेलच असे नाही. म्हणून पलंगाची तिसरी फळी आतून, गाडीतून न उतरता बसवता येते का, हे गाडी घरी दारात उभी असतानाच तपासून घ्यावे. पाण्याची एक बाटली, टॉर्च, रात्रीच्या विधींसाठी झाकणाची बादली आणि लाकडाच्या भुशाची पिशवी, एवढे तरी दार न उघडता हाताला लागले पाहिजे.